ओला, गारा आणि वाळवणे साहेब

रायपूरहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे हो?" लोकांना किल्ला हवा असतो, धबधबा हवा असतो, गेलाबाजार एखादं देऊळ तरी. मी सांगतो, तिकडे पावसाचे शब्द ऐकण्यासारखे आहेत. लोक हसतात आणि विषय बदलतात. बदलू देत. मी साताऱ्यात चौतीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गाने विषय बदलला म्हणून मी कधी थांबलो नाही.

गेलो होतो भाचीकडे. मृणाल ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शेतकी कॉलेजातून बाहेर पडली आणि थेट रायपूरला, जुन्या वाणांचं बियाणं जपणाऱ्या एका लहानशा संस्थेत नोकरीला लागली. अजून कायम झाली नव्हती. पोरगी एकटी, इतक्या लांब, म्हणून बहिणीचा जीव टांगणीला लागलेला. मी निवृत्त, रिकामा आणि, बहिणीच्या मते, कुठेही गेलो तरी आपलंच खरं करणारा. असा माणूस परमुलखात उपयोगी पडतो, असं म्हणून तिने मला गाडीत बसवलं.

रायपूर राजधानी होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. गावभर पाट्या रंगवणं चाललेलं. जुनी "मध्यप्रदेश" ही अक्षरं खरवडून त्यावर "छत्तीसगढ़" चढत होतं. काही ठिकाणी खालचा "म" अजून डोकावत होता. मी प्रत्येक पाटीपुढे थांबून अक्षर पाहायचो. सवयच आहे. माझ्या स्वतःच्या अक्षराबद्दल मी बोलू नये, पण शाळेच्या फळ्यावर मी लिहिलेला सुविचार पुसायला शिपाई दोन दिवस कचरायचा, एवढं सांगतो.

गुढियारी

मृणाल गुढियारीत भाड्याने राहत होती. रेल्वेच्या मालधक्क्याच्या बाजूची दाट वस्ती, दिवसभर ट्रकांची घरघर, आणि तिच्यात मधेच एक मराठी घर. घरमालकीण गभणेकाकू मूळच्या भंडाऱ्याच्या. नवरा रेल्वेत, मुलगी पिंकी कॉलेजात. पिंकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते हिंदीत. मी तिला "जेवलीस का?" विचारलं की ती "हाँ अंकल, खा लिया" म्हणायची, आणि आमचं छान जमायचं.

पोचलो त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. कार्तिक संपत आलेला, पावसाचे दिवस केव्हाच सरलेले. मी पलंगावर आडवा होतो, तोच काकू जिन्याकडे धावत ओरडल्या, "मामाजी, पाणी आलं! पाणी आलं ना जी!"

आमच्या साताऱ्यात पाणी नळाला येतं आणि पाऊस आभाळातून येतो. पाहुणा असलो म्हणून काय झालं, मदत करावी, या विचाराने मी दोन बादल्या उचलल्या आणि अंगणातला नळ सोडला. नळ कोरडा. मी वाट पाहत उभा राहिलो आणि डोक्यावर थेंब पडू लागले.

गच्चीवरून काकूंचं डोकं दिसलं. "काहून बादल्या घेऊन उभे राहिले जी तिथं? वर या ना, बड्या भिजून राहिल्या!"

वर एका जुन्या धोतरावर कोहळ्याच्या बड्या वाळत घातल्या होत्या. तिकडे कोहळ्याला रखिया म्हणतात आणि त्याच्या उडदाच्या डाळीत घातलेल्या बड्या घरोघरी करतात. म्हणजे आपले सांडगेच, फक्त अंगाने भरलेले आणि तिखटाला कमी. आम्ही दोघांनी त्या धोतराच्या चार टोकांत गोळा केल्या, आणि खाली येऊन चहा पिताना मी काकूंचा वर्ग घेतला.

"पाणी आलं म्हणजे पाऊस आला?"

"मंग काय म्हनू? पाणीच येते ना वरून. का दूध येते?"

मी म्हणालो, आमच्याकडे पावसाला नावं आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी येतो तो वळीव. येऊन जाते ती सर. हलकी सर म्हणजे शिरवा. मग भुरभुर, रिपरिप, आणि वाऱ्याने खिडकीतून आत येते ती झड.

"झड?" काकू हसल्या. "आमच्याकडे झड लागली म्हंजे चार-चार दिवस सुटत नाही बाप्पा. खिडकीतून येते त्याले इकडचे लोक झिपार म्हन्ते."

"अंकल," पिंकी म्हणाली, "बारिश ही तो है।"

मी तिच्याकडे दयेने पाहिलं. संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं, की पावसाच्या बाबतीत मराठीला तोड नाही, आणि जिथे जाऊ तिथे तिचा एखादा तरी शब्द रुजवून येऊ. ते पान अजून वहीत आहे. फाडावंसं वाटलं होतं, पण फाडलं नाही.

अभनपूरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी मृणाल मला तिच्या कामावर घेऊन गेली. अभनपूरच्या बाजारातून पुढे निघालो की दोन्ही बाजूंना धानाची खाचरं लागतात. भात म्हटलं तर तिकडे ते शिजवलेलं. उभं असतं ते धान. बहुतेक कापणी उरकली होती, आणि कापलेल्या बुडख्यांमधून तिवऱ्याची कोवळी हिरवळ वर आली होती. तिवरा म्हणजे लाखेची डाळ. धान उभं असतानाच त्यात ती फेकून देतात, ओलीवर ती आपली आपण येते. नांगर नाही, पेरणी नाही. मला ही व्यवस्था फार आवडली.

आम्ही गेलो ते मनटोराबाईंकडे. वय साठीच्या पुढे, हातभर गोंदलेलं, आणि बोलण्यात कुणाची भीडभाड नाही. गाव त्यांना दाई म्हणतं, म्हणजे आई. त्यांच्या सासूने माहेराहून आणलेला एक बारीक, वासाचा तांदूळ त्या अजून दरवर्षी पेरतात. आजूबाजूला तो आता कुणाकडे राहिलेला नाही. मृणाल वर्षभर त्यांच्या मागे लागली होती, की हे बियाणं संस्थेला द्या, आम्ही ते वाढवून पेरणीच्या आत तुम्हाला आणि इतर गावांना परत देऊ. दाई कशाबशा तयार झाल्या, आणि तयार झाल्यावर मात्र अकराच्या अकरा पोती देऊन टाकली. घरी मूठभरही ठेवलं नाही.

अडचण एवढीच, की आदल्या दिवशीच्या पावसात खळ्यावरचं धान भिजलं होतं. मृणालने पोत्यात हात घालून पाहिलं.

"आज संध्याकाळीच पसरायला हवं," ती म्हणाली. "संस्थेत शेड आहे, सिमेंटचं अंगण आहे. इथे ठेवून चालणार नाही, अजून पाऊस येईल."

ती स्वतः मात्र अभनपूरवरूनच बिलासपूरला प्रशिक्षणासाठी निघणार होती, तीन दिवसांसाठी. संस्थेचा फोन कालच्या वाऱ्यापासून बंद. तेव्हा पोत्यांवर चिठ्ठ्या बांधायच्या, म्हणजे गोदामातले लोक वाचतील आणि धान लगेच वाळत घालतील, असं ठरलं. ट्रॅक्टर सुरू करून उभा होता. मृणालने पुठ्ठ्याचे अकरा तुकडे आणि जाड पेन माझ्या हातात दिलं.

"मामा, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा, 'गीला धान, सुखाना है'."

"गीला कशाला?" मी म्हणालो. "काहीतरी गिळल्यासारखं वाटतं. हिंदीत धान पुल्लिंगी, म्हणून ओला लिहितो. लिपी एकच आहे, देवनागरी. कुणालाही कळेल."

"मामा, पण हिंदीत..."

"तू पोती मोज. लिहिण्याचं मला सांगू नकोस."

तिला दाईंनी हाक मारली आणि ती गेली. मी लिहिलं. मधोमध, ठसठशीत, "ओला". त्याखाली एक आडवी रेघ. रेघेखाली उजव्या कोपऱ्यात, जरा लहान आणि किंचित तिरकं, "वाळवणे". अकराही चिठ्ठ्या हुबेहूब सारख्या. सुतळीने बांधताना दाईंनी एका चिठ्ठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बने लिखे हव, गुरुजी." त्यांना वाचता येत नाही, पण अक्षराची पारख त्यांनाही झाली म्हणून मी खूश झालो.

गोल बाजार

मृणाल बिलासपूरला, मी रायपुरात मोकळा. ट्रॅक्टर संस्थेत पोचल्याचा निरोप ट्रॅक्टरवाल्याकडून काकूंच्या घरी आला होता, तेव्हा डोक्याला काही ताप नव्हता. सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे आणि जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी ही कल्पना मी पहिल्या दिवशी नाकारली, दुसऱ्या दिवशी सहन केली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः होऊन मागितली. काकूंनी तांदळाच्या पिठाचा चीला करून घातला. आपल्या धिरड्याचा भाऊ, पण गोरापान. सोबत टोमॅटोची चटणी इतकी तिखट, की मला डोळे पुसावे लागले.

गोल बाजारात दोन दिवस नुसता हिंडलो. कापडाच्या गल्लीतून भांड्यांच्या गल्लीत, तिथून टोपल्या-सुपांच्या रांगेत. आभाळ अधूनमधून गळत होतं. एका टोपलीवाल्या बाईंना मी विचारलं, इरलं आहे का? त्यांना समजेना. मी हातांनी दाखवलं, डोक्यावरून पाठीवर येणारं, पानांचं, शेतात पावसात घालतात ते. त्या उठल्या आणि खुंटीवरून बांबूची एक रुंद टोपी काढली. "खुमरी," त्या म्हणाल्या. आपलं इरलं पाठ झाकतं, यांची खुमरी नुसतं डोकं आणि खांदे. मी म्हणालो, पाठ भिजत असेल. त्या म्हणाल्या, वाकून रोप लावताना पाठच वर असते हे खरं, पण तुमच्या त्या झोपडीत वाकायचं कसं?

असे वाद मला आवडतात. मी खुमरी घालूनच गुढियारीला परतलो. रस्त्याने मुलं हसली, मीही हसलो. त्या तीन दिवसांत मी मनापासून मजेत होतो, हे इथे कबूल करतो, कारण त्याच तीन दिवसांत तिकडे गोदामात काय चाललं होतं ते पुढे यायचं आहे.

गोदाम

मृणाल परतली त्या सकाळी मी तिच्याबरोबर संस्थेत गेलो. तिच्यापेक्षा मलाच घाई होती. माझ्या चिठ्ठ्या मला पाहायच्या होत्या.

फाटकाशी मनटोरादाई बसल्या होत्या. ट्रॅक्टरवाल्याकडून काहीबाही ऐकून पहिल्या बसने आल्या होत्या. मृणालला पाहताच उठल्या. "मोर बिजहा ल मिल भेजबो कहिथें," त्या म्हणाल्या. बिजहा म्हणजे बियाण्याचं धान. ते गिरणीला पाठवणार म्हणतात.

गोदामाचे प्रमुख साहूजी हिशेबी, नीटस माणूस. आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेले. अकराही पोती तिथे थप्पी लावून ठेवलेली होती. बंद. माझ्या चिठ्ठ्यांसकट.

"नियम है मैडम," साहूजी म्हणाले. "ओला पड़ा हुआ धान बीज में नहीं लेते। दाना चोट खा जाता है। कल मिल की गाड़ी आ रही है।"

"हमर गाँव म पानी गिरिस," दाई मोठ्याने म्हणाल्या. "करा नइ गिरिस!"

मी मधे पडलो. अजून मला काही समजलं नव्हतं आणि तरी मी मधे पडलो. "लिखा तो है, ओला," मी चिठ्ठीकडे बोट दाखवत म्हणालो.

"वही तो," साहूजी म्हणाले. "ओला। ये लोग करा कहते हैं। आसमान से गिरता है, बर्फ का गोला।"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हिंदीच्या परीक्षा मी दिल्या आहेत. "ओले गिरे" हे पाठ केलेलं आहे. पण पाठ्यपुस्तकात ओले नेहमी अनेकवचनातच पडत आले; एकटा ओला कधी समोर आला नाही, आणि आला तेव्हा तो माझ्याच हातून आला.

मी सावरायचा प्रयत्न केला. "नहीं नहीं, गारा नहीं गिरा है।"

"गारा?" साहूजी गोंधळले. "मिट्टी-गारा?"

"हमारे यहाँ ओले को गारा कहते हैं।"

"और गारे को?"

"चिखल."

"और ओला?"

"ओला म्हणजे... गीला।"

साहूजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तो फिर वाळवणे साहब ने जाँच में ओला क्यों लिखा?"

"कोण वाळवणे साहेब?" मृणालने विचारलं.

"जिनके दस्तखत हैं। ग्यारह पर। हम तीन दिन से उनको ढूँढ रहे हैं। विभाग में भी पूछा, मराठी अफसर हैं, नए आए होंगे।"

गभणे, लोखंडे, तसंच वाळवणे हे आडनाव. रेघेखाली, कोपऱ्यात, तिरक्या अक्षरात. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर मी आठवडाभर हसलो असतो. मृणाल हसली नाही. तिने थप्पीतल्या मधल्या पोत्यात हात खुपसला आणि तसाच ठेवला.

"गरम आहे," ती हळू म्हणाली. "मामा, आतून गरम आहे."

भिजलेलं धान चार दिवस कोंडून ठेवलं की ते तापतं. तापलं की दाण्यातला जीव जातो. तो दाणा शिजतो, पोट भरतो, पण उगवत नाही. हे मला तिने तिथेच, दोन वाक्यांत सांगितलं. दाईंना सांगावं लागलं नाही. त्यांनी दुसऱ्या पोत्यात हात घातलेलाच होता.

"साहूजी, चूक माझी आहे," मृणाल हिंदीत म्हणू लागली. "चिट्ठी मेरी ज़िम्मेदारी..."

चौतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की चूक केली असेल तर उभं राहून सांगा. उभाच होतो, सांगायचं बाकी होतं. "इसने गीला लिखने को कहा था," मी म्हणालो. "मैंने नहीं माना। लिखा मैंने। वाळवणे नाम का कोई साहब नहीं है। वो भी मैं ही हूँ।"

साहूजींनी खोलीचं दार पूर्ण उघडलं आणि कामावरच्या बायांना हाक मारली. "फैलाओ," ते म्हणाले. "सब फैलाओ, अभी।"

अंगण

परतीचं तिकीट मी काकूंच्या यजमानांकडून रद्द करून घेतलं. पुढचे दोन दिवस मी संस्थेच्या सिमेंटच्या अंगणात होतो. पोती फोडून धान बोटभर जाडीचं पसरायचं आणि पायांनी उलटंपालटं करत चालत राहायचं. दाई पुढे, मी मागे. पायांनी सरी ओढायच्या, मग आडव्या सरी. त्यांच्या सरी सरळ जात. माझ्या जात नव्हत्या, तेव्हा त्या परत येऊन माझ्या ओळी मोडून पुन्हा काढायच्या. शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना मी मुलांना कसा दिसत असेन ते मला त्या दोन दिवसांत कळलं. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त काम करत होत्या.

दुसऱ्या दुपारी पुन्हा ढग आले. एका कोपऱ्यातलं धान अजून गोळा व्हायचं होतं आणि मला धीर धरवेना. मृणालला आणि बायांना मी ओरडलो, "चला, पटापट करा! करा, करा!"

क्षणात अंगणात धावपळ उडाली. दोघीजणी ताडपत्री घेऊन पळत आल्या, एकीने धानाच्या ढिगावर स्वतःचा पदरच पसरला, साहूजी कागदपत्रं डोक्यावर धरून शेडमध्ये गेले. दाई आभाळाकडे पाहत ओरडल्या, "कहाँ हे करा?"

मृणाल पोट धरून हसत होती. तिने सगळ्यांना समजावलं, की मराठीत करा म्हणजे काम उरका. साहूजी शेडमधून बाहेर आले. तोवर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "गुरुजी," ते म्हणाले, "हाथ जोड़ता हूँ, आप मौसम पर कुछ मत बोलिए।"

दाईही हसल्या, तोंडावर पदर धरून. मग ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. पाऊस आला तो भुरभुर होता. मी त्याला काही नाव ठेवलं नाही.

धान वाळलं, पण जगलं का, हे डोळ्यांनी कळत नाही. मृणालने प्रत्येक पोत्यातले शंभर-शंभर दाणे मोजून भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळले. अकरा वळकट्या ओळीने ठेवल्या आणि प्रत्येकीवर नंबर घातला. नुसता आकडा, शब्द लिहायला तिने मला दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

सहा दिवस मी रोज तिथे जाऊन बसलो. काकू विचारायच्या, "रोज काय पाहून राहिले जी तिथं? पोट्टी पाहीन ना तिचं ती." मी म्हणायचो, बसतो नुसता. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. एका म्हाताऱ्या बाईच्या सासूच्या माहेरचं बियाणं, पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळातून, पुरातून, उंदीर-घुशींतून वाचलेलं, माझ्या सुंदर अक्षराने संपलं, असं घरी जाऊन कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

सहाव्या सकाळी दाई आल्या आणि मृणालने वळकट्या उलगडल्या. पहिलीत पांढरे कोंब दाटून आले होते. दुसरीत तसेच. मी मोजत होतो. आठ वळकट्या भरभरून उगवल्या. थप्पीच्या पोटात दबलेल्या तीन पोत्यांच्या वळकट्यांत दाणे जसेच्या तसे पडले होते, इथे-तिथे एखादा कोंब.

आठ वाचली. मृणालने मटकन खाली बसून घेतलं आणि डोळे पुसले. साहूजींनी त्याच दुपारी आठ पोती बियाण्याच्या खोलीत नेली आणि चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहिल्या. अक्षर गिचमिड होतं. मी सुतळी बांधत गेलो.

तीन मात्र माझ्या नावावर गेली; ती खायचं धान म्हणून दाईंच्या घरी परतली.

दाईंच्या घरी

निघायच्या आदल्या दिवशी दाईंचा निरोप आला, की गुरुजींना जेवायला घेऊन या. मृणाल म्हणाली, नाही म्हणायचं नाही. मी नाही म्हणणारही नव्हतो.

घर मातीचं, नुकतंच सारवलेलं. ओसरीवर पाट मांडले होते. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, लाल भाजी, कढीतला सुरण, आणि मधोमध वाफाळता भात. झाकण काढताच अख्ख्या ओसरीत वास पसरला. साताऱ्याकडे आम्ही आंबेमोहोराचं कौतुक करतो; मी आजपर्यंत स्वतः केलं आहे. हा वास त्याहून मंद होता आणि जास्त वेळ राहत होता.

मला कळलं, हे कोणतं धान आहे ते. पत्रावळीसमोर बसून मी हात पुढे करीना.

"खाव न, गुरुजी," दाई म्हणाल्या.

"दाई," मी म्हणालो, "ये तो बोने का था।" पेरायचं होतं हे. "माफ करा" म्हणायचं होतं, पण त्यातही करा होता.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग भाताचं भांडं उचललं आणि माझ्या पानात आणखी एक डाव वाढला. गरम भाताचा डोंगरच झाला.

"हव, बोना रिहिस," त्या म्हणाल्या. "अब तुँहर पेट म बो देंव। देखबो, का जामथे।"

होय, पेरायचंच होतं. आता तुमच्या पोटात पेरलंय. बघू काय उगवतं.

मृणालने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, भाताचा पहिला घास घेतला, आणि पानात एकही शीत उरणार नाही अशा बेताने सावकाश जेवत राहिलो.